बिनउंबऱ्याचं घर

निवडणूक आली की मी कपाटातल्या कपबश्या पुढे काढते. एरवी आमच्याकडे सगळे मगातून चहा पितात. बशी ही कुंडीखाली ठेवायची वस्तू आहे, असा माझ्या मुलीचा समज आहे. पण या दिवसांत घरी कुणीही येवो, प्रचारवाला असो की गॅसवाला, चहा कपबशीतच मिळतो. नवरा हसतो. "झाली का तुझी आचारसंहिता सुरू?" म्हणतो. त्याला सगळं माहीत आहे, म्हणून हसून झालं की तो गप्प बसतो.

सांगवीत आमच्या बिल्डिंगखालून सकाळपासून रिक्षा फिरतायत. एकीचं गाणं वळणावर पोचत नाही तोवर दुसरी येते. सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्यांचं आणि पाचव्यावरच्यांचं असं वाजलंय की काल लिफ्टमध्ये दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे होते. आमची लिफ्ट ती केवढी! त्यात पाठ करायची म्हणजे एकाचं नाक आरशाला लागतं आणि दुसऱ्याचं दाराला. मी मधे कोथिंबिरीची पिशवी घेऊन उभी. आधी हसू आलं. मग गॅलरीत आले, खाली भाजीवालीच्या गाडीवर कांद्याची पात दिसली, आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

त्या वर्षी आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक नेमकी कांद्याच्या लागणीत आली होती.

आमचं गाव चाकणच्या पुढे, भामा नदीच्या अंगाला. आता तिथे कुठूनही पाहिलं तरी निळे-पांढरे पत्रे दिसतात. त्या वर्षी अजून निम्म्या शिवारात कांदा होता आणि निम्म्यात कंपन्या. सकाळी वाफ्यात पाणी सोडलं की ओल्या मातीचा वास यायचा आणि वारा फिरला की त्यातच रंगाच्या भट्टीचा उग्र वास मिसळायचा. पहिल्या शिफ्टची बस निघून गेली की बायका रोपांच्या जुड्या घेऊन शेताकडे निघायच्या. थंडी अशी की रोप धरलेली बोटं दुपारपर्यंत वाकायची नाहीत.

लागण सावडीनं व्हायची. सावड म्हणजे आज तुमच्या घरची माणसं आमच्या शेतात, उद्या आमची तुमच्या. मजुरी नाही, हिशेब नाही. आमची सावड इंदूमावशीच्या घराशी. ती काही माझी सख्खी मावशी नव्हे. आई आणि ती एकाच माहेरच्या, तळेगाव दाभाड्याच्या बाजूच्या. एकाच वर्षी लग्न होऊन एकाच आळीत आल्या, समोरासमोरच्या दारांत. मावशी माझ्या वडिलांना दाजी म्हणायची, बहिणीच्या नवऱ्याला म्हणतात तसं. मला वाटतं, त्या दोघींनी एकमेकींच्या घरी जाताना कधी "येऊ का" असं विचारलं नसेल. आमची चूल विझली असली तर मावशी काही न बोलता आत यायची, फुंकून पेटवायची आणि मग विचारायची, "सुमे, कुटं हायेस?"

त्या लागणीला आई मात्र शेतात नव्हती. दिवाळीत तिच्या पोटातली गाठ कळली. पिंपरीच्या दवाखान्यात महिनाभर काढला आणि मग डॉक्टर म्हणाले, घरी न्या, खायला मागतील ते द्या. या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. घरी आणल्यावर ती मधल्या खोलीत खिडकीखालच्या बाजेवर असायची. मी सांगवीहून आले ती तिथेच राहिले. भाऊ कंपनीत, वडील शेतात आणि निवडणुकीत.

निवडणुकीत आण्णा, म्हणजे माझे वडील, एका पॅनेलमधून उभे होते आणि मावशीचे यजमान तात्या दुसऱ्यातून. भांडण कशावरून होतं, हे आज मला धड सांगता येणार नाही. कंपनीकडे जाणारा रस्ता कुणाच्या बांधावरून जावा, असं काहीतरी होतं. तो रस्ता पुढे तिसरीकडूनच गेला. पण तेव्हा त्यावरून माणसं हातघाईवर आली होती. आण्णा आणि तात्या रोज संध्याकाळी एका ओट्यावर बसून तंबाखू मळणारे, ते समोरासमोर आले तर एकजण मोबाईल कानाला लावायचा. फोन आलेला नसायचा.

त्यांच्या पॅनेलचं चिन्ह कपबशी होतं आणि आमच्या पॅनेलचं छत्री. झालं! आण्णांनी घरातल्या सगळ्या कपबश्या पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या. चहा स्टीलच्या पेल्यातून. बोटं भाजायची, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. तिकडे तात्यांचीही तीच तऱ्हा. एकदा अवकाळी पाऊस झाला, तर गडी एसटी स्टँडपासून भिजत आला, घरात छत्री असून बायकोला ती घेऊन येऊ दिलं नाही. मावशीनं हे खिडकीतून सांगितलं तेव्हा आई पोटाला हात लावून हसली. हसताना तिला दुखायचं. "उद्या कुणी भाकरी घेतली चिन्ह म्हणून," ती म्हणाली, "तर ही दोघं उपाशी मरतील गं."

खिडकीतून सांगितलं, असं मी लिहिलं. तेच सांगायचं आहे.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात तात्यांच्या पॅनेलनं खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलला. आमच्याकडे ही रीत आहे. कोण फुटेल, कोण रात्रीत फिरेल, याचा नेम नसतो, म्हणून ताटात बेल आणि भंडारा ठेवायचा आणि घरटी सगळ्यांनी हात लावून शपथ घ्यायची. शपथ सांगणाऱ्या पुढाऱ्याला त्या दिवशी फारच चेव चढला होता. मत फोडणार नाही, एवढ्यावर तो थांबला नाही. समोरच्या पॅनेलच्या एकाही माणसाच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही, लावला तर माझ्या थोरल्या पोरावर येवो, असं त्यानं म्हणून घेतलं. सगळ्यांनी म्हटलं. बायकांनीही म्हटलं. मावशीनंही म्हटलं, कारण तात्या शेजारी उभे होते आणि भंडारा कपाळाला लागला होता. आणि या घाईत एक गोष्ट सगळ्यांकडून राहून गेली. शपथेला मुदत घालायची राहिली. निकालापर्यंत, एवढा एक शब्द कुणी उच्चारला नाही.

मावशीचा थोरला, विलास, कंपनीत वेल्डर. मोटारसायकलवरून हायवेनं कामाला जायचा, कंटेनरच्या चाकांच्या बाजूनं. त्या रस्त्यानं आमच्या पंचक्रोशीतली किती पोरं खाल्लीत, ते घरोघरी माहीत आहे. अशा पोराचं नाव घेऊन शपथ घातली की ती नुसती शपथ राहत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी नेहमीसारखी आली आणि उंबऱ्यापाशी थांबली. मी आतून पाहत होते. तिनं चप्पल काढली, पदर सारखा केला आणि मग तिला आठवलं. ती तशीच मागे सरली, पायरी उतरली आणि वळसा घालून खिडकीखाली गेली. तिथे भिंतीला टेकवलेला धुण्याचा दगड होता, त्यावर बसली. आत बाजेवर आई, बाहेर दगडावर ती, मधे खिडकीचे गज.

"इंदे, आलीस का?" आईनं विचारलं.

"आले गं. भाईरच हाय."

तेव्हापासून रोज दुपारी हेच. आलीस का, आले गं, भाईरच हाय. मग गप्पा. कुणाच्या वाफ्याला पाणी कमी पडलं, कुणाच्या सुनेला दिवस गेले, माहेरच्या विहिरीवरची कोणती मुलगी आता कुठे आहे. मावशी गजांतून हात आत घालायची, पण बाज खाली होती आणि तिचा हात पोचायचा नाही. बोटं तेवढी हलायची. मी ती बोटं पाहायची नाही. पाहिलं की माझं डोकं फिरायचं. त्या पुढाऱ्याला गाठून दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटायचं, आणि आजही तो दिसला की वाटतं.

एक दिवस मावशीच चिडली. "देवाला एवढं कळत न्हाई व्हय गं? आजारी माणसाकडं जायाचं म्हणजी काय पाप हाय?"

"देवाला कळतं," आई म्हणाली. "ट्रकवाल्याला कळत न्हाई. खबरदार उंबऱ्याला पाय लावलास तर. पोरगं हायवेनं जातं तुजं."

मला आईचा फार राग आला. मरायला टेकलेल्या बाईनं दुसऱ्याच्या पोराच्या मोटारसायकलची काळजी करावी? पण ती तशीच होती. विलास जन्मला तेव्हा मावशीला दूध नव्हतं, आणि माझा भाऊ आईच्या अंगावर होता. विलासला आधी आईनं पाजलंय. तो कुणाचं पोर, हा प्रश्न तिला पडतच नव्हता.

आण्णांना मात्र शपथेचा अपमान डसला होता. आमच्या उंबऱ्याला काय विटाळ झालाय, असं ते येता-जाता म्हणायचे. खिडकीखाली मावशी दिसली की मुद्दाम मोठ्यानं खाकरायचे. एकदा तर तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "आत यायची लाज वाटती आन् भाईर भिकाऱ्यावानी बसायची वाटत न्हाई." मावशी उठली नाही. तिनं फक्त पदर डोक्यावरून आणखी पुढे ओढला. मग आई आतून म्हणाली, "इंदे, तू बोल. त्यांचं चालू दे." आणि मावशी मेथीच्या भाजीबद्दल बोलायला लागली.

निकाल लागला. आण्णा पडले, तात्या निवडून आले. गुलाल आमच्या दारावरून गेला, ओट्यावर सांडला, आण्णांनी स्वतः झाडून काढला. मला वाटलं, चला, आता तरी संपलं. मावशी त्याच संध्याकाळी गुरवाकडे गेली, शपथ सोडवून द्या म्हणाली. गुरव म्हणाला, सगळ्यांनी मिळून उचललीय, सोडायचीही सगळ्यांनी मिळून. सगळ्यांना देवळात आणा, अभिषेक घालू, मोकळे व्हा. सरळ होतं. पण तोवर सरपंच कोणाला करायचं यावरून त्यांचंच पॅनेल दुभंगलं होतं. ज्यांनी एका ताटाला हात लावला ते आता एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. मावशी घरोघरी फिरली. एकजण म्हणायचा, तो येणार असेल तर मी येत नाही. दुसरा म्हणायचा, आधी त्यानं माफी मागावी. तात्या घरात बसून ऐकायचे. निवडून आलेला माणूस, पण बायकोसाठी चार माणसं देवळात आणणं त्याला जमलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. म्हणजे, देते. पण त्या दिवसांत त्यांची मिशी एकदम पांढरी झाली, हेही मी पाहिलंय.

उंबरा तेवढा बंद होता, शेताला कुठला उंबरा? काढणीचे दिवस आले तेव्हा मावशी आमच्या वावरात येऊन बसली. कुणी बोलावलं नव्हतं. आई शेतात येणार नाही तर या सावडीची परतफेड कोण करणार, हे तिनं मनाशी धरलंच नव्हतं. सकाळी ओळीच्या टोकाला बसायची, कांदा उपटायची, विळ्यानं पात कापायची, मागे टाकायची. तिच्या पॅनेलच्या बायका बांधावरून टोमणे मारत जायच्या. आण्णा वावराच्या दुसऱ्या टोकाला काम काढायचे. दुपारी तिच्या अंगाला कांद्याच्या पातीचा हिरवा, झोंबणारा वास यायचा आणि तशीच ती खिडकीखाली येऊन बसायची. आई डोळे मिटून तो वास घ्यायची. "यंदा कांदा चांगला हाय," म्हणायची. तिनं तो वास घेऊनच कांदा पाहिला.

उन्हं वाढली तसा आईचा आवाज बसत गेला.  एका दुपारी हातानं मला खूण करून उशी उंच करायला लावली, खिडकीच्या जरा जवळ झाली आणि म्हणाली, "इंदे, शपथ सुटली की आधी आत ये. मग बाकीचं."

"येते की. येणारच."

"मी असंन नसंन. तू आत ये."

 मी गजांतून पाहिलं. मावशी विळ्याच्या मुठीला चिकटलेली माती नखानं काढत होती.

त्यानंतर आईचं बोलणं असं झालं नाही. ओठ हलायचे, आवाज खिडकीपर्यंत जायचा नाही. मी मधे उभी राहून इकडचं तिकडे सांगायची. काही वेळा आई काहीच म्हणालेली नसायची, तरी मी सांगायची.

तो दिवस चैत्रातला. पत्रा तापलेला. भाऊ पहिल्या शिफ्टला गेलेला, मी मागे भांडी घासत होते. मावशी आली, खिडकीखाली बसली आणि हाक मारली, "सुमे." आतून काही नाही. "सुमे, आले गं." काही नाही. मला भांड्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही, ही हाक मला आण्णांनी नंतर सांगितली. ते ओट्याच्या कोपऱ्यात पोती शिवत बसले होते. मावशीनं गजांना तोंड लावून आत पाहिलं. उजेडातून अंधारात तिला काही दिसेना. "सुमे!" ती ओरडली, तेव्हा मी धावत आले.

मी आतल्या दारात पोचले तेव्हा मावशी पुढच्या दारात होती. चौकटीला एक हात, आणि एक पाय उचललेला. उंबऱ्याच्या वर. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. त्यावर विलास होता आणि आई होती, आणि तिनं निवड केली होती.

"थांबा!" आण्णा ओरडले.

मावशी तशीच थिजली, पाय अधांतरी.

"पाय ठिवू नका," आण्णा म्हणाले. आवाज खाली आणून पुन्हा म्हणाले, "वहिनी, पाय ठिवू नका. ती हाय. झोपलीय."

मावशीनं पाय मागे घेतला आणि पायरीवर मटकन बसली. आण्णांनी दाभण पोत्यात खोचली. आत आले. माझ्याकडे न पाहता ओसरीवरची रिकामी बाज उचलली, अंगणातल्या लिंबाखाली नेऊन टाकली, तिच्यावर हात फिरवून धूळ झटकली. मग मधल्या खोलीत गेले आणि आईला गोधडीसकट दोन्ही हातांवर उचललं. तिचं वजन किती उरलं होतं! तरी ते हळूहळू चालले, भरलेली घागर नेल्यासारखे. उंबऱ्यापाशी थांबले, पायानं अंदाज घेतला आणि ओलांडला.

"आत लय उकडतंय तिला," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, ते कळलं नाही. त्यांनी आईला त्या बाजेवर, मावशीच्या पुढ्यात आणून ठेवलं.

ज्या घरच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही अशी त्या बाईनं शपथ घेतली, त्या घराचा धनी तिच्या शपथेला जपत होता. तिचं पोर वाचावं म्हणून. मी तेव्हा रडले नाही. आता हे लिहिताना रडतेय.

मावशीनं आईचा हात हातात घेतला. इतक्या महिन्यांनी. तो गालाला लावला, पालथा करून लावला, सुलटा करून लावला. आईचे डोळे उघडे होते आणि ती पाहत होती. तिला कोण आहे ते कळलं का? मी आजवर हजारदा हा प्रश्न स्वतःला विचारला आणि दर वेळी, कळलं, असंच उत्तर दिलं. बोलली मात्र नाही. एक शब्द नाही. बोलायचं होतं तेव्हा मधे गज होते आणि गज गेले तेव्हा बोलणं गेलं होतं. मावशीच बोलत राहिली. किती पिशव्या कांदा निघाला, साठवणीच्या बराकीत किती भरला, कुठल्या वाफ्यातला मोठा निघाला. बोलता बोलता ती आईचे केस विंचरायला लागली.

आण्णा पुन्हा पोती शिवायला बसले होते. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाले, "मंगल, त्यांना च्या दे."

मी आत गेले, चहा टाकला, पेला घेतला. दारातून त्यांचा आवाज आला.

"कपबशीत दे."

मी स्टूल घेऊन माळ्यावर चढले. पोतं ओढलं. कपबश्यांवर धुळीचा थर होता, एका कपाचा कान गेला होता. धुताना पाणी आणि डोळे, काय कशानं ओलं होतंय ते कळत नव्हतं. मावशीनं बशीत चहा ओतला, फुंकला, पहिला घोट बोटावर घेऊन आईच्या ओठांना लावला. तेवढं तिनं घेतलं. नंतरचं नाही.

आईला पुन्हा आत नेलं नाही. आण्णा म्हणत राहिले, उकडतंय, उकडतंय. लिंबाखालीच ती चार दिवस होती. रस्त्यावरून जाणारे थांबायचे, कपबशीवाले आणि छत्रीवाले, आणि अंगणाला कुणाची बंदी नव्हती म्हणून आत यायचे. तात्याही आले. बाजेच्या पायथ्याशी उभे राहिले. आण्णांनी तंबाखूची डबी पुढे केली.  एका पहाटे लिंबाचा मोहोर अंगावर घेऊन आई गेली. तिला उंबरा ओलांडून न्यावंच लागलं नाही.

पुढे कंपन्या आमच्या बांधापर्यंत आल्या. अर्ध्या वावरात गोदाम झालं आणि त्या भाड्यावर आण्णांनी जुनं घर पाडून त्याच जागेवर नवं बांधलं. गवंडी गावचाच. दाराची चौकट बसवायची वेळ आली तेव्हा आण्णा म्हणाले, "उंबरा नको."

गवंड्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. "आण्णा, उंबऱ्याबिगर घर असतंय व्हय? पूजा कशाची करणार? लक्षुमी ऱ्हाती का?"

"ठेच लागती," आण्णा म्हणाले. "म्हातारपणी पाय उचलत न्हाई."

"घर हाय का गोदाम?"

"गोदाम तर गोदाम. फरशी सरळ आत न्यायची."

गावात हसले लोक. भावकीतल्या बायकांनी मला फोन करून सांगितलं, तुझ्या बापाचं डोकं फिरलंय. मीही फोनवर आण्णांना विचारलं. त्यांनी मलाही ठेचेचंच कारण दिलं. ते असेच आहेत. सरळ सांगितलं तर जणू दात पडतील.

वास्तुशांतीला मावशी उशिरा आली. दारासमोरच्या अंगणात पंगत बसली होती, जिलेबी वाढत होते. हातात नारळ आणि खण. ती दाराशी आली, चप्पल काढली, पदर सारखा केला. शपथ अजून सुटलेली नव्हती. त्या पॅनेलमधली दोन माणसं तोवर वारली होती, आता सगळे मिळून देवळात यायचा प्रश्नच उरला नव्हता. विलास मात्र ठणठणीत, अंगणात चपला लावत होता. मावशीची नजर खाली गेली. तिनं उजवा पाय थोडा पुढे केला, म्हातारी माणसं चाचपतात तसं चाचपलं. पायाला काही लागेना. फरशी बाहेरून आत सरळ गेली होती.

तिनं वर पाहिलं. आण्णा भिंतीला टेकून उभे होते.

"दाजी," तिनं विचारलं, "उंबरा?"

"ऱ्हायला," आण्णा म्हणाले. "गवंडी इसारला."

गवंडी पंगतीतच होता. त्यानं मान खाली घातली आणि भात कालवत राहिला. त्या दिवशी त्याला मी दोनदा जिलेबी वाढली.

मावशी वाकली. जिथे उंबरा असायला हवा होता तिथल्या फरशीला तिनं हात लावला, कपाळाला लावला आणि आत आली. मला वाटलं, देवापाशी जाईल. ती गेली नाही. नारळ आणि खण माझ्या हातात देऊन ती हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि इकडेतिकडे पाहायला लागली.

"चूल हितं व्हती," ती म्हणाली, सोफ्याकडे बोट करून. "मग भिंत. भिंतीला कणगी." ती दोन पावलं सरकली. "हितनं मधली खोली." आणखी थोडं पुढे गेली, टीव्हीच्या अलीकडे थांबली आणि कोपऱ्याकडे वळून पाहिलं. "आन् खिडकी ती तितं. मी तितं बसायची."

 तात्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

मावशी हळूच खाली बसली, त्या चकचकीत फरशीवर, मांडी घालून. जमिनीपासून हातभर उंचीवर, जिथे बाजेची कड आली असती तिथे, तिनं तळवा धरला. कुणाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"सुमे," ती म्हणाली, "आले गं. आत आले."